पत्र्याच्या शेडमधली हत्यारे: भिंत, कपाट आणि चाकांवरचे खण

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात शाहूपुरीला घरामागे १०×१२ फुटांची शेड आहे. एक बाजू घराच्या विटांच्या भिंतीची, बाकी तिन्ही पत्र्याच्या. सुतारकाम हौसेचे, सुट्टीच्या दिवशीचे. दोन रंधे, सहा पटाश्या, तीन करवती, डझनभर क्लॅम्प, कॉर्डलेस ड्रिल, सात इंची सर्क्युलर सॉ, जिगसॉ, ट्रिमर, आणि डबेच्या डबे स्क्रू. हे सगळे सध्या पोत्यात आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आहे. पावसाळ्यात गंज चढतो. आता पेगबोर्ड (भोकांत आकडे अडकवायची फळी) लावावा की भिंतभर कपाट करावे?

दोन्ही नको. पेगबोर्ड म्हणून जो मिळतो तो बहुधा ३-४ मिमीचा हार्डबोर्ड असतो. साताऱ्याच्या एका पावसाळ्यात तो फुगतो, भोके सैल होतात आणि हातोडी उचलली की आकडाही हातोडीबरोबर येतो. भिंतभर कपाटाची अडचण वेगळी आहे. ते बांधताना तुम्हाला तुमच्याच कामाची सवय माहीत नसते. सहा महिन्यांनी रोज लागणारी वस्तू सर्वात वरच्या कप्प्यात आणि वर्षातून एकदा लागणारी डोळ्यांसमोर, असे होते. आणि कपाट हलवता येत नाही.

तुमच्या शेडला तीन गोष्टी लागतील. विटांच्या भिंतीवर तिरक्या पट्ट्यांची रांग, तिच्यावर अडकवलेले एक उथळ बंद कपाट, आणि कामाच्या बाकाखाली सरकणारी चाकांवरची खणपेटी. कोणती वस्तू कुठे, याचा नियम सोपा आहे: जिला धार आहे ती दारामागे, जिला मूठ आहे ती भिंतीवर, जिला मोटर आहे ती खणात. अपवाद दोन: करवती आणि कॉर्डलेस ड्रिल भिंतीवर.

प्लाय आणण्याआधी एक काम करा. सगळी हत्यारे चटईवर पसरा आणि तीन ढीग करा: प्रत्येक कामात लागणारी, महिन्यातून लागणारी, आणि नुसती पडून असलेली. तिसऱ्या ढिगाला नव्या खणात जागा द्यायची नाही. तो क्रेटमध्येच राहू दे. मग पहिल्या दोन ढिगांतली प्रत्येक वस्तू मोजा. लांबी-रुंदी सगळेच मोजतात, बोटांची जागा कोणी मोजत नाही. मूठ धरून वस्तू उचलायला दोन्ही बाजूंना २५-३० मिमी मोकळे लागतात. दोन हातोड्यांमध्ये १० मिमी ठेवले तर कागदावर भिंत भरगच्च दिसते, पण एक काढताना दुसरी पायावर पडते.

उंचीचा हिशेब असा. जमिनीपासून ९०० ते १६५० मिमी हा सोन्याचा पट्टा, रोजची वस्तू त्यातच. १८०० च्या वर फक्त हलके आणि क्वचित लागणारे: साचे, टेम्प्लेट, लांब पट्ट्या. ९०० च्या खाली जड.

शक्य असेल तर पंधरा दिवस जुन्या फळीवर खिळे ठोकून सगळे तात्पुरते लटकवा आणि काम करा. हात आपोआप कुठे जातो ते बघा. या पंधरा दिवसांत निम्मी मांडणी बदलते, आणि ती प्लाय कापण्याआधी बदललेली बरी.

आता भिंत. पट्टीची कल्पना सोपी आहे. १८ मिमी प्लायची पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशांत चिरायची. एक अर्धी भिंतीला, उतार वर आणि भिंतीकडे. दुसरी अर्धी हत्याराच्या धारकाच्या पाठीला, उतार खाली. धारक वरून टेकवला की वजनानेच आत ओढला जातो. काढायचा तर उचलायचा. मांडणी बदलायला एकही स्क्रू काढावा लागत नाही, म्हणून हौशी माणसाला याहून सोयीचे काही नाही.

प्लाय बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणीही सोसणारी, घ्या. एमआर हा नुसता ओलावा सोसणारा प्रकार. घरातल्या कपाटाला चालतो, पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन पावसाळ्यांत कडा सुटतात. मरीन, म्हणजे आयएस ७१० मानकाची, घ्यायची गरज नाही. एमडीएफ अजिबात नको.

८×४ फुटांच्या बोर्डमधून १६० मिमी रुंदीच्या पूर्ण लांबीच्या चार पट्ट्या कापा. करवतीची जाडी धरून ६५२ मिमी जातील, ५६८ मिमीचा तुकडा धारकांसाठी उरेल. प्रत्येक पट्टी मधोमध ४५ अंशांत चिरली की दोन होतात. एका तोंडाने साधारण ८७ मिमी, दुसऱ्या तोंडाने ६९. एकूण आठ. पाच भिंतीला, तीन तुकडे करून धारकांना.

१८ मिमी प्लाय ४५ अंशांत चिरायला पात्याची खोली साडेपंचवीस मिमी लागते. सात इंची सॉला हे सहज जमते. चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून हे करू नका. त्याला लाकूडकामाला पुरेसे गार्ड नसते, आणि तिरक्या कापात पाते अडकले की यंत्र मागे उसळते. सॉ चालवताना सरळ पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्प करा, प्लायची चांगली बाजू खाली ठेवा. हे जमणार नसेल तर १६० च्या सरळ पट्ट्या प्लायच्या दुकानातून कापून आणा आणि तिरका काप वखारीत किंवा टेबल सॉ असलेल्या सुताराकडून मारून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

चिरल्यावर जी सुरीसारखी कड येते ती रंध्याने २-३ मिमी बोथट करा. बोथट केली नाही तर दोन गोष्टी होतात. एक, कड तुटून कुसळे निघतात. दुसरी लवकर लक्षात येत नाही: पट्टीमागच्या खोबणीत भुसा साचतो, धारकाची टोकदार कड त्या भुशावर टेकते आणि उतार उतारावर बसतच नाही. धारक डुगडुगतो आणि माणूस पट्टी सैल आहे समजून स्क्रू आवळत बसतो.

सर्वात जास्त होणारी चूक मात्र पट्टी उलटी लावण्याची. रुंद तोंड, म्हणजे ८७ मिमीचे, खोलीकडे हवे. अरुंद तोंड भिंतीकडे. बसल्यावर पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये इंग्रजी व्हीसारखी खोबण वरून दिसली पाहिजे. दिसत नसेल तर उलटी लागली आहे.

पाच ओळी: ९००, ११००, १३००, १५०० आणि १७०० मिमीवर. जुन्या भिंतीत विटांची ओळ किंवा फरशी बघून माप धरू नका, ती सरळ असेलच असे नाही. पाण्याच्या नळीने दोन टोकांना खुणा करा आणि सूत मारा. एक ओळ ५ मिमीने तिरकी गेली तरी धारक बसतो, पण वरखालच्या दोन ओळींवर टेकणारे कपाट डुलत राहते.

ठोकण्याचा तपशील नीट वाचा, कारण भिंतीवरचे सामान खाली येते ते इथूनच. विटांच्या भिंतीवर साधारण २० मिमीचा गिलावा असतो. ५० मिमीचा स्क्रू घेतलात तर १८ मिमी पट्टीत गेले, २० गिलाव्यात गेले, विटेत उरले जेमतेम १२. म्हणजे सगळा भार गिलाव्यावर. दोन-चार महिने टिकते आणि एके दिवशी पट्टी गिलाव्याच्या खपल्यांसकट सुटते. म्हणून १० नंबरचा ७५ मिमीचा स्क्रू आणि ८×४० चा प्लग. पट्टीला ५ मिमीची भोके आधी पाडून घ्या, पट्टी भिंतीला धरून खुणा करा, पट्टी बाजूला ठेवा, ८ मिमीच्या बिटने ६५ मिमी खोल भोक पाडा. बिटला चिकटपट्टीची खूण करा म्हणजे खोली चुकत नाही. भोकातली पूड फुंकून काढा. प्लग गिलाव्याशी सपाट ठेवायचा नाही. खिळ्याने आणखी २० मिमी आत ढकलायचा, म्हणजे तो पूर्ण विटेत बसतो. गिलाव्यात फुगलेला प्लग गिलावाच फोडतो. दर ४०० मिमीला एक स्क्रू, आठ फुटी पट्टीला सात, पाच पट्ट्यांना पस्तीस. चाळीस आणा.

भोक पाडताना बिट एकदम मोकळे आत गेले आणि लाल पुडीऐवजी राखाडी पूड आली तर सांधा लागला आहे. ३०-४० मिमी बाजूला सरका.

ज्यांची भिंत जुन्या काळ्या दगडाची आणि मातीच्या सांध्यांची आहे (साताऱ्याच्या पेठांत अशी घरे अजून आहेत) त्यांनी प्लगचा नाद सोडावा. बिट दगडावरून घसरून मातीत जाते आणि प्लग आत नुसता फिरतो. तिथे ७५×५० च्या चार उभ्या लाकडी खांबांची चौकट जमिनीवर उभी करा, वरून तुळईला किंवा छताच्या पाइपला बांधा, आणि पट्ट्या तिच्यावर ठोका. पत्र्याच्या बाजूलाही हेच. मात्र चौकट पत्र्यापासून किमान २५ मिमी पुढे ठेवा. पावसाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाने पाणी ओघळते. पत्र्याला चिकटलेली प्लाय आधी मागून काळी पडते आणि ते पुढून दिसत नाही.

सामान विटांच्याच भिंतीवर ठेवा असे सांगण्याचे कारणही हेच. यवतेश्वरच्या बाजूने येणारी झड पश्चिमेच्या पत्र्यावर बसते. ती बाजू हत्यारांना देऊ नका. तिथे लाकडाच्या लांब पट्ट्या किंवा बाक ठेवा.

धारकांचे फार नियम नाहीत. धारकाची उंची २०० मिमीपेक्षा कमी असेल तर त्याच्या पाठीला तळाशी १८ मिमी जाडीचा तुकडा लावा, नाहीतर तो खालून भिंतीकडे झुकतो आणि त्यावरची वस्तू घसरते. क्लॅम्पसाठी ७५ मिमी बाहेर आलेली दोन बोटे आणि मध्ये दांड्याच्या जाडीपेक्षा ३ मिमी जास्त फट. डझनभर दोन फुटी क्लॅम्पचे वजन सहज १५ किलोच्या वर जाते, म्हणून बोटांखाली त्रिकोणी आधार द्याच आणि एका धारकावर सहापेक्षा जास्त लावू नका. करवतींना दातांवर उभी चिरलेली वायरिंगची पीव्हीसी नळी चढवा. कॉर्डलेस ड्रिलसाठी ९० मिमी रुंदीचे, पुढून ४५ मिमी उघडे गाळे. ड्रिल उलटे, बिट खाली. बॅटऱ्या मात्र शेडमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी जे तापते ते लिथियम बॅटरीला मानवत नाही, आणि ४० अंशांच्या वर चार्जिंगही करू नये. चार्जर घरात, भुशापासून लांब.

मॅग्नेटच्या पट्टीबद्दल बरेच जण विचारतात. पाने, पकडी, ड्रिल बिट यांना ठीक. पटाशीला नको. पाते स्वतःच चुंबक होते, धार लावताना निघणारी बारीक लोखंडी कीस धारेलाच चिकटून राहते, आणि दगडावर पुढची फेरी मारली की ती ओरखडे पाडते.

आता धारवाल्यांचे कपाट. बाहेरून ६०० रुंद, ६६८ उंच, आतली खोली १५०. बाजू, तळ, वर आणि आतल्या दोन आडव्या फळ्या १२ मिमी प्लायच्या, पाठ ६ मिमीची, दोन दारे १८ मिमीची. दारेही १२ ची केली तर पावसाळ्यात ती वळतात आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. आतली उंची ६४४. तिचे तीन भाग: तळाला १७० रंध्यांसाठी, मध्ये ३०० पटाश्यांसाठी, वर १५० गुण्या, मार्किंग गेज, वर्निअर आणि धार लावायचे दगड यांच्यासाठी. दगड पाण्याचे असतील तर ओले आत ठेवू नका. दगडातले पाणी त्या बंद हवेत दोन दिवस टिकते आणि शेजारच्या गुण्यावर उतरते.

५ नंबरचा लोखंडी रंधा ३५५ मिमी लांब असतो, लहान ब्लॉक प्लेन १६० च्या आसपास. दोन्ही आडवे, एकामागे एक ठेवले तर ५७६ च्या आतल्या रुंदीत बसतात. रंध्याखाली ६ मिमी जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या, पुढच्या आणि मागच्या टोकाला. पाते अधांतरी राहते, मागे ओढायची गरज पडत नाही आणि तळाखालून हवा खेळते. रंधा कुशीवर ठेवण्याची शिस्त पुष्कळांना शिकवलेली असते. बाकावर, खिळ्या-खड्यांत, ती बरोबर आहे. कपाटात मात्र रंधा पट्ट्यांवर सरळ बसलेलाच बरा, कारण कुशीवर ठेवलेल्या रंध्याच्या तळाचा एक गाल फळीला टेकतो आणि गंजाची पहिली रेष तिथेच उमटते.

पटाश्यांसाठी ३३० मिमी लांब, ६० मिमी रुंद पट्टी, १८ मिमी जाड. पुढच्या कडेतून आत ३५ मिमी खोल सहा खाचा, मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी अंतर, दोन्ही टोकांना ४० मिमी सोडून. खाचेची रुंदी पटाशीच्या मानेपेक्षा २ मिमी जास्त. बहुतेकांच्या माना १० ते १२ मिमीच्या असतात, म्हणजे १२ ते १४ ची खाच पुरते, आणि मूठ वर अडकते. पटाशी आडवी वळवून, म्हणजे पात्याची कड तुमच्याकडे करून, खाचेत सरकवायची. मग २५ किंवा ३२ मिमीचे रुंद पातेही १४ मिमीच्या खाचेतून जाते. पट्टी बसवताना ५ अंश मागे कलती ठेवा, नाहीतर दार जोरात बंद केले की पटाश्या पुढे येतात. पट्टीखाली पुढच्या बाजूने ६ मिमी प्लायचा १५० मिमी उंच पडदा लावा, खाचांपुढे १५ मिमी मोकळे सोडून. कपाटात हात घातला आणि पाते मनगटाला लागले, हा अपघात फार साधा आणि फार रक्ताळ असतो.

पटाश्या किंवा रंधे खणात फोमवर ठेवण्याची पद्धत हल्ली दिसते. स्पंजसारखा फोम पाणी धरतो. चामड्याची म्यानेही तशीच, कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश चामड्यात असतो. ओल्या, ताज्या चिरलेल्या लाकडाची खाच केली तर महिन्याभरात पात्यावर काळा डाग. सुकलेले सागवान किंवा प्लाय, दुसरे काही नको.

गंजाचे मूळ कारण पावसाचे थेंब नाही. रात्री पत्रा आणि लोखंड दोन्ही गार होतात. सकाळी दमट हवा आत शिरते तेव्हा लोखंड तिच्याहून गार असते आणि त्याच्यावर दव बसते. म्हणून बंद दार. हवा हळूहळू बदलली की लोखंडालाही तिच्याबरोबर तापायला वेळ मिळतो. दारांच्या कडेला खिडक्यांना लावतात ती रबरी पट्टी चिकटवा. आत अर्धा किलो सिलिका जेल जाळीच्या पिशवीत. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा. स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये नको, निळ्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट असते. जून ते सप्टेंबर हे काम पंधरवड्याला करावे लागेल. कंटाळा असेल तर जुन्या पद्धतीचा १५ वॅटचा पिवळा बल्ब तळाच्या कप्प्यात, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, अखंड चालू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश उबदार राहिली की दव धरत नाही. एलईडी लावून काही होणार नाही, त्याची ऊब पुरत नाही. बल्ब लावलात तर त्या कप्प्यात ढलपी, कापूस, तेलाचे फडके यांतले काहीही ठेवायचे नाही.

तेल म्हणाल तर शिलाई मशीनचे. फडक्याला दोन थेंब, पाते पुसायचे, संपले. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका. ते चिकट होते आणि त्यावर भुसा बसून ओलावा धरतो. रंध्याच्या तळाला तेलाऐवजी मेण: तेलाचा डाग लाकडावर उतरतो आणि पुढे पॉलिश तिथे धरत नाही.

खणपेटीची मापे देतो ती ८०० मिमी मोकळी उंची असलेल्या बाकाखाली जाईल अशी. ७५ मिमीच्या चाकांची उंची प्लेटसकट १०० धरली आहे. तुमची चाके मोजून मग प्लाय कापा.

बाजू दोन, ६६०×४५०. तळ आणि वर, ५६४×४५०, दोन्ही बाजूंच्या मध्ये. सगळे १८ मिमी. पाठ ६ मिमी, ६००×६६०, मागून ठोकलेली; हीच पेटीला काटकोनात धरते, म्हणून गोंद ओला असतानाच कर्ण मोजून ठोका. आतली उंची ६२४. खणांची तोंडे पाच, ५६० रुंद, उंची ७०, ७०, १००, १५० आणि २१६. मधल्या, वरच्या, खालच्या मिळून सहा फटी, प्रत्येकी ३ मिमी. बेरीज करून बघा, ६२४ येते.

खणांच्या भिंती १२ मिमीच्या, ४०० खोल; उंची अनुक्रमे ५०, ५०, ७५, १२०, १८०. तळ ९ मिमीचे. ४×४ च्या अर्ध्या बोर्डात ५७४×४०० चे सहा तुकडे निघतात, पाच लागतात. सहावा ठेवा, एक हमखास चुकतो.

वरच्या तीन खणांना टेलिस्कोपिक चॅनेल (खण सरकवायच्या गोळ्यांच्या लोखंडी पट्ट्या) लावू नका. चॅनेलच्या गोळ्यांना ग्रीस असते, त्यात बारीक भुसा बसतो, आणि वर्षभरात खण ओढताना खरखर येते. उथळ खणाला जुनी पद्धत चांगली: तळच दोन्ही बाजूंनी बाहेर काढायचा आणि पेटीच्या बाजूंमधल्या खाचेत सरकवायचा. खाच ६ मिमी खोल, १० मिमी रुंद. म्हणजे आतले माप ५६४ अधिक १२, ५७६, तळ ५७४. खणाचा डबा बाहेरून ५५६ ठेवा म्हणजे बाजूंना घासत नाही. ९ मिमी म्हणून विकली जाणारी प्लाय पुष्कळदा साडेआठ भरते. वर्निअरने मोजून मग खाचेची रुंदी ठरवा, तळापेक्षा १ मिमी जास्त. खाचा ट्रिमरने पाडताना दोन्ही बाजू शेजारी ठेवा, आतली तोंडे वर, पुढच्या कडा एकमेकींना भिडलेल्या, आणि एकाच आडव्या पट्टीवरून दोन्हींत एकदम खाच मारा. दोन्हीकडची उंची जुळलेली येते आणि डावे-उजवेही आपोआप होते. ६ मिमी खोली एका दमात घेऊ नका, तीन-तीनच्या दोन फेऱ्या. मग खाचेत मेणबत्ती घासा.

खालच्या दोन खणांत सॉ, जिगसॉ, ट्रिमर असतील. तिथे ४०० मिमीचे चॅनेल हवेतच. चॅनेलची जाडी प्रत्येक बाजूला पावणेतेरा मिमी असते, म्हणून डबा बाहेरून ५३८. ५४० झाला तर खण अडतो आणि पेटीच्या बाजू फुगतात. ५३५ झाला तर चॅनेल तिरके होऊन गोळ्या सुटतात. एखाद मिमी कमी झाला असेल तर चॅनेलमागे पुठ्ठ्याची पट्टी चालते, जास्त झाला असेल तर डबा उघडून पुन्हा कापण्याला पर्याय नाही. या दोन खणांचे तळही ५३८ पर्यंत कापून घ्यायला विसरू नका. १२ मिमीच्या भिंतीत १६ मिमीचा स्क्रू मारला तर टोक आत येते आणि यंत्राची वायर सोलते.

पेटीचे सांधे साधे: गोंद आणि ८ नंबरचे ५० मिमी स्क्रू, दर १०० ते १२० मिमीला, कोपऱ्यापासून ४० मिमी सोडून. प्लायच्या कडेत स्क्रू जातो तिथे ३ मिमीचे भोक आधी पाडलेच पाहिजे, नाहीतर थर फाटतात आणि स्क्रू धरल्यासारखा वाटतो पण धरत नाही. गोंद पाण्यात टिकणारा घ्या.

चाके ७५ मिमीची, रबरी किंवा पॉलियुरेथेनची, दोन ब्रेकवाली. ५० मिमीची नायलॉनची चाके शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात. तळाला ती स्क्रूने नाही, नटबोल्टने आवळा. जड सामान खालच्या खणात ठेवा, आणि खालचे दोन्ही खण एकदम पूर्ण ओढू नका. ४५० खोलीची पेटी पुढे कलते.

खणातले कप्पे ६ मिमी प्लायचे, अर्ध्या-अर्ध्या खाचांनी एकमेकांत बसवलेले, आणि न चिकटवता. हत्यारे बदलतात. स्क्रूंसाठी पारदर्शक बरण्या. श्रीखंडाचे डबे घेतलेत तर नाव झाकणावर न लिहिता डब्यावर लिहा, झाकणे अदलाबदल होतात.

रंग बाहेरून आणि आतून सारखाच द्या. एकाच बाजूला दिला तर दुसरी बाजू ओलावा पिते आणि दार वळते. शेलॅकचे पॉलिश पावसाळ्याच्या दिवसांत लावलेत तर पांढरट पडते. पॉलियुरेथेनचे दोन हात पुरेत. खाचांना आणि तळाच्या कडांना काहीच नको, फक्त मेण. कप्प्यांत कुठे सागवान वापरलेत तर त्याचा पांढरा भाग काढून टाका, भुंगा तिथेच लागतो. आणि खणाच्या सरकण्याला अस्सल लाकडाची पट्टी वापरत असाल तर मेमध्ये केलेल्या कामात दीड मिमी ढील ठेवा, ऑगस्टमध्ये केलेल्यात अर्धा मिमी पुरे.

याच मांडणीबद्दल सांगलीहून विचारणाऱ्यांसाठी एक वेगळा सल्ला. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी वस्तीत आले. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांवर गेले होते, तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. नदीच्या बाजूला तळमजल्यावर काम असेल तर पेटी जड आणि देखणी करण्यापेक्षा रिकामी करायला सोपी करा. पाचही खण खाचेत सरकणारेच ठेवा, चॅनेल नको, म्हणजे खण ओढला की सुटून हातात येतो. खालच्या दोघांसाठी तळ १२ मिमीचा आणि खाच १३ ची करा. प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला १००×३० ची भोके पाडा (सर्वात उथळ दोघांना कडेवर कापलेली खाच चालेल), आणि सामानासकट एकाचे वजन १५ किलोच्या आत ठेवा, कारण तो जिन्याने वर न्यायचा आहे. भिंतीवरचे धारक पट्टीवरून उचलून न्यायला दोघांना दहा मिनिटे लागतात. कपाट मात्र, आत पटाश्या असताना, एकट्याने उचलू नका. आधी मधला कप्पा रिकामा करायचा.

तुमचे काम साताऱ्याच्या शेडमध्ये आहे, तेव्हा १८ मिमीचे दोन बोर्ड, १२ मिमीचा एक पूर्ण (अर्धा खणांना, अर्धा कपाटाला), ९ चा अर्धा आणि ६ चा अर्धा एवढी प्लाय पुरते. आधी एकच १८ चा बोर्ड आणा, भिंतीच्या पाच पट्ट्या लावा आणि पोत्यातली हत्यारे धारकांवर चढवा. कपाट त्यानंतर, पण पहिल्या पावसाच्या आत. खणपेटी दिवाळीपर्यंत थांबली तरी चालेल.